एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडली की मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसई तालुक्यात शिरतो. चिंचोटी, वसई फाटा, विरार फाटा असे ट्रकवाल्यांचे थांबे एकामागून एक लागतात. ढाबा, टायरवाला, बॅटरीवाला, आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी ताडपत्रीखाली डिझेल मिस्त्रीचं दुकान. तिथल्या मिस्त्रीला सहा सिलिंडरच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, विचारली तर हातातला पाना खाली न ठेवता तो सांगेल: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. गाडी टाटा असो की लेलँड, सिलिंडर एका रांगेत सहा असतील तर बहुतेक वेळा क्रम हाच. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या मोठ्या मासेमारी बोटीत सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर तिथेही हाच.

आणि दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर शर्यतीत उतरलेल्या टाटा प्रायमा ट्रकचंही तसंच. १२ लिटरचं कमिन्स इंजिन, टर्बोचार्जर, १,०४० अश्वशक्ती, पण सिलिंडर पेटायचे याच पाळीने. विरार फाट्याला वाळू घेऊन उभा असलेला ट्रक आणि शर्यतीतला ट्रक यांच्यात बाकी सगळं वेगळं असेल, हे सहा आकडे सारखे आहेत.

हा क्रम आला कुठून? कुणा इंजिनिअरच्या लहरीतून नक्कीच नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच पेटतो. सहा सिलिंडरांमध्ये ते समान वाटले तर दर १२० अंशांनी एक स्फोट. क्रँकशाफ्टची घडण अशी असते की १ आणि ६ नंबरचे पिस्टन बरोबरीने वर-खाली होतात, तसेच २ आणि ५, तसेच ३ आणि ४. जोडीतले दोघे एकाच वेळी माथ्यावर येतात. एक पेटायच्या बेतात असतो, दुसरा जळका धूर बाहेर टाकून ताजी हवा घ्यायच्या बेतात. कुणाला आधी पेटवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

एका ठरावीक घडणीच्या क्रँकशाफ्टवर कागदपेन्सिल घेऊन मांडणी केली तर फक्त चार क्रम शक्य असतात. त्यांतल्या तिघांत कुठे ना कुठे शेजारचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात: एकानंतर दोन, किंवा पाचानंतर चार. शेजारी-शेजारी लागोपाठ दणके बसले की क्रँकशाफ्टच्या त्याच भागावर आणि मधल्या बेअरिंगवर भार साठतो. लांब शाफ्टला पीळ बसतो, तो सुटतो, पुन्हा बसतो. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार या एकाच क्रमात शेजारी कधीच लागोपाठ येत नाहीत. शाफ्ट उलट हाताने घडवला तर एक-चार-दोन-सहा-तीन-पाच हा त्याचा जोडीदार क्रम मिळतो, तोही चालतो. बाकीचे बाद.

मिस्त्री लोकांनी यातून स्वतःची सोय काढलेली आहे. टॅपेट मारताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवताना, ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत तोच धरावा लागतो. तो ओळखायचा कसा? इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं आणि सहा नंबरच्या व्हॉल्व्हकडे बघत राहायचं. धुराचा व्हॉल्व्ह मिटतोय आणि हवेचा उघडतोय, दोन्ही डोलू लागले, की एक नंबर मोकळा. फीलर गेज घालायचा, नट आवळायचा. मग एकतृतीयांश फेरी पुढे. दोनचे डोलले की पाच करायचा, चारचे डोलले की तीन. बेरीज नेहमी सात. चार सिलिंडरच्या गाडीत बेरीज पाच: चारचे डोलले की एक, दोनचे डोलले की तीन. गॅरेजात नवीन आलेल्या पोराला आधी ही बेरीज शिकवतात, टीडीसी (पिस्टन अगदी माथ्यावर असण्याची जागा) म्हणजे काय ते पुढे कधीतरी.

टर्बोचार्जर आला तेव्हा या जुन्या क्रमाला नवं महत्त्व आलं. टर्बो चालतो धुरावर. सिलिंडरमधून सुटणारा तापलेला धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. पण धूर संथ धारेने येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. एका सिलिंडरचा धूर सुटत असतानाच दुसऱ्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि दोघांची नळी एकच असेल, तर संध्याकाळच्या विरार लोकलच्या दारात नालासोपाऱ्याला उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडतात तसा प्रकार होतो. धक्क्यातली ताकद आपसांतच जिरते. इतकंच नाही, एकाचा जळका धूर दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये उलटा घुसू शकतो.

उपाय सोपा आहे: दोन दारं करायची. सहा सिलिंडरच्या ट्रकचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नीट पाहिला तर तो बहुतेक वेळा मधोमध विभागलेला दिसतो. १, २, ३ या पुढच्या तिघांचा धूर एका कप्प्यातून टर्बोत जातो, ४, ५, ६ या मागच्यांचा दुसऱ्या कप्प्यातून. आता क्रम पुन्हा वाचावा. एक पुढचा, पाच मागचा, तीन पुढचा, सहा मागचा, दोन पुढचा, चार मागचा. आळीपाळी कुठेही मोडत नाही. प्रत्येक कप्प्यात दर २४० अंशांनी एक धक्का येतो, आधीचा बराचसा ओसरल्यावरच पुढचा. वर सांगितलेल्या चार शक्य क्रमांपैकी पुढे-मागे अशी अखंड आळीपाळी राखणारा क्रमही हा एकटाच. हा क्रम ट्रकवर टर्बो बसू लागण्याच्या कितीतरी आधी ठरला होता. बेअरिंगच्या काळजीपोटी निवडलेली गोष्ट पुढे टर्बोच्या कामी आली.

चार सिलिंडरच्या गाडीत क्रम सहसा एक-तीन-चार-दोन असतो. तिथे १ आणि ४ यांची एक नळी, २ आणि ३ यांची दुसरी. तीन सिलिंडरच्या गाडीला हा त्रासच नाही, कारण तिथे धक्के आपोआपच २४० अंशांवर पडतात. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत तीन सिलिंडर सर्रास दिसू लागले. किंमत आणि वजन ही त्याची मोठी कारणं खरी, पण टर्बोशी जमणारा हा सुटसुटीतपणाही एक कारण आहे.

शर्यतीतल्या प्रायमाच्या इंजिनावरचं कमिन्स हे नाव पुणेकरांना परकं नाही. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत कोथरूडला कारखाना उभा राहिला, किर्लोस्कर कमिन्स या नावाने. सातारा जिल्ह्यात फलटणलाही आता कमिन्सचा मोठा पसारा आहे. आपल्याकडे हे नाव म्हटलं की जनरेटर आठवतो, फार तर ट्रक. या अमेरिकी कंपनीचं शर्यतीशी असलेलं नातं मात्र जुनं आणि चांगलंच रंगतदार आहे.

१९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी एकदाही न थांबता सगळं अंतर पळाली. डिझेल किती थोडं पितं, एवढंच दाखवायचं होतं. १९५२ साली त्यांनी वेगळाच डाव टाकला. ट्रकसाठी बनवलेलं सहा सिलिंडरचं ६.६ लिटर डिझेल इंजिन घेतलं, गाडी बुटकी राहावी म्हणून ते जवळजवळ आडवं झोपवलं आणि त्याला टर्बोचार्जर जोडला. टर्बो लावून इंडियानापोलिसला उतरलेली ती पहिली गाडी. फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांची, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटरची सरासरी काढून सगळ्यांत पुढची जागा पटकावली. पेट्रोलवाल्यांच्या मेळाव्यात डिझेल गाडी पहिल्या क्रमांकावर उभी.

पुढे घात झाला तो साध्या कारणाने. टर्बोची हवा ओढण्याची वाट गाडीच्या पुढच्या बाजूला खाली होती. पुढच्या गाड्यांच्या टायरचे रबराचे कण आणि धावपट्टीवरचा कचरा त्यात जाऊन बसला आणि २०० पैकी ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाद झाली. इंजिन, क्रम, टर्बोची कल्पना, सगळं ठीक होतं. हवेची वाट तेवढी चुकली. पावसाळ्यात महामार्गावर एअर फिल्टर तुंबून काळा धूर ओकणारी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

भारतात टाटा मोटर्सने ट्रक शर्यत सुरू केली २०१४ च्या मार्चमध्ये, बुद्ध सर्किटवर. पहिल्या वर्षी गाड्या हाकायला परदेशी चालक आले होते. २०१६ पासून महामार्गावर ट्रक चालवणाऱ्या भारतीय चालकांना निवडून, शिकवून त्यांचीही शर्यत घेतली गेली. १,०४० अश्वशक्तीचा ट्रक आला २०१७ मध्ये. युरोपातल्या ट्रक शर्यतीत तर इंजिनं हजार अश्वशक्तीच्या पुढे असतात, पण वेगाला ताशी १६० किलोमीटरची मर्यादा घातलेली असते, आणि ब्रेक तापून पेटू नयेत म्हणून त्यांवर पाणी मारावं लागतं. पाच टनांच्या वरचं धूड वळणातून बाहेर काढायचं तर वेगापेक्षा ओढ महत्त्वाची, आणि ती ओढ तत्काळ हवी. टर्बो जागा होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. अशा वेळी धुराचे धक्के न भिडता चाकापर्यंत पोचणं म्हणजे काय, ते कळतं.

फॉर्म्युला वनमध्ये टर्बो १९७७ साली रेनोने आणला. १९८३ मध्ये नेल्सन पिके टर्बो गाडीवर जगज्जेता झाला, टर्बोवाला पहिलाच. त्याच्या ब्रॅबहॅममधलं बीएमडब्ल्यूचं इंजिन होतं अवघं दीड लिटर आणि चार सिलिंडरचं, आणि त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या बीएमडब्ल्यूच्या ब्लॉकवरून घेतलेला. पुढच्या काही वर्षांत पात्रता फेरीपुरती त्यातून हजाराच्या वर अश्वशक्ती काढली जाई. १९८८ नंतर टर्बोवर बंदी आली. २०१४ मध्ये तो परत आला, १.६ लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनावर.

या व्ही-सिक्सची फायरिंग मुद्दाम बघण्याजोगी आहे. नियमानेच दोन रांगांतला कोन ९० अंश आणि क्रँकशाफ्टवर फक्त तीन पिना, म्हणजे समोरासमोरच्या दोन सिलिंडरांत एक पिन. त्यामुळे स्फोट समान अंतराने पडूच शकत नाहीत. ९० अंश, मग १५० अंश, मग पुन्हा ९० अशी लंगडी चाल. कानाला ती घोगरी वाटते आणि जुन्या किंचाळणाऱ्या व्ही-एटच्या चाहत्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली. पण एकेका रांगेपुरतं पाहिलं तर तीन सिलिंडर दर २४० अंशांनी अगदी समान पेटतात. टर्बोपर्यंत दोन्ही रांगांचा धूर वेगळा ठेवला, की तिथे ट्रकसारखंच गणित जुळतं. कानाचं समाधान झालं नाही, टर्बोचं झालं.

क्रम चुकला तर काय होतं, याचा धडा पोर्शेने घेतला. ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी त्यांनी ९१९ हायब्रिड बनवली, दोन लिटरचं व्ही-फोर टर्बो इंजिन घालून. २०१३ मध्ये चाचण्या सुरू झाल्या तेव्हा ते इंजिन इतकं थरथरायचं की गाडी चालवणं अवघड झालं. शेवटी क्रँकशाफ्ट नव्याने आखावा लागला आणि त्याबरोबर सिलिंडर पेटण्याचा क्रमही बदलला. त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्त्यांनी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं ले मान्स जिंकलं.

आता दुसरी गोष्ट. सिलिंडर पेटवण्याचा क्रम कळला, पण मुद्दाम न पेटवण्याचं काय?

महामार्गावरच्या गॅरेजात हे फार पूर्वीपासून करतात, निदानासाठी. ड्रायव्हर येऊन सांगतो, "उस्ताद, गाडी मिसिंग मारतेय, चढाला दमच नाही." मिस्त्री म्हणतो, "बंद करू नको, चालूच ठेव." मग तो जुन्या पंपाच्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा आटा ढिला करतो. डिझेल बाहेर निथळतं, तो सिलिंडर त्या वेळेपुरता बंद पडतो. इंजिनाचा आवाज पडला, हादरा वाढला, तर सिलिंडर चांगला होता. नट पुन्हा आवळायचा, पुढचा घ्यायचा. एखाद्यावर नट ढिला करूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, की दुखणं तिथेच. हाच प्रकार नव्या कॉमन रेल गाडीवर करायला जाऊ नये. तिथे नळीत दीड-दोन हजार बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनर लावून संगणकाकडूनच एकेक सिलिंडर बंद करून बघायचा असतो.

गाडीने चालता चालता आपले सिलिंडर आपणच झोपवायचे, ही कल्पना अमेरिकेत कॅडिलॅकने १९८१ साली आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, गरजेप्रमाणे सहा किंवा चारांवर चालणारं. तेव्हाची इलेक्ट्रॉनिक्स तेवढी तल्लख नव्हती, ग्राहक वैतागले आणि बऱ्याच गाड्यांत ती यंत्रणा गॅरेजवाल्यांनी कायमची तोडून टाकली. पुढे तंत्र सुधारलं. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये पोलोच्या १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात ते दिलं, आणि २०२१ मध्ये चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांच्या दीड लिटरच्या इंजिनातून ते मराठी घरांपर्यंत आलं. १५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं हे टर्बो इंजिन हलक्या कामात निम्मं झोपतं.

कुठलं निम्मं? दोन आणि तीन, मधले. इथे फायरिंग ऑर्डर पुन्हा पुढे येते. एक-तीन-चार-दोन या क्रमातून तीन आणि दोन वगळले की उरतात एक आणि चार, त्यांच्यात नेमकं ३६० अंशांचं अंतर. इंजिन दर फेरीला एकदा, समान अंतराने पेटत राहतं. त्याऐवजी एक आणि तीन झोपवले असते तर उरलेले चार आणि दोन लागोपाठ पेटले असते आणि मग लांबलचक शांतता, स्टिअरिंग थरथरलं असतं. सिलिंडर झोपवतात कसे? व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर सरकणारे तुकडे असतात, त्यांवर नागमोडी खाचा. विजेवर चालणारी पिन खाचेत उतरली की तुकडा बाजूला सरकतो आणि व्हॉल्व्हला ढकलणारा उंचवटा जागेवरून हटतो. हे सारं कॅमशाफ्टच्या अर्ध्या फेरीत, इंजिनाच्या गतीप्रमाणे १३ ते ३६ मिलिसेकंदांत. व्हॉल्व्ह मिटलेले राहतात, आत कोंडलेली हवा दाबली जाते आणि प्रसरण पावते, दाबायला लागलेली ताकद बहुतेक परत देते.

फायदा होतो तो उरलेल्या दोघांमुळे. पेट्रोल इंजिन हलक्या कामात असताना थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, जवळजवळ मिटलेला असतो आणि त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच शक्ती जाते. दोघांनाच चौघांचं काम करावं लागलं की थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, ओढण्याचे कष्ट कमी होतात. मात्र ही यंत्रणा साधारण १,४०० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान, हलक्या भारावरच चालते. मनोरपुढच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर तिचा फायदा दिसेल. वसई फाट्याच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना फारशी अपेक्षा ठेवू नये.

तीन सिलिंडरमध्ये हे जमवणं कठीण. फोर्डने आपल्या एक लिटरच्या टर्बो इंजिनात एक सिलिंडर झोपवून दाखवला खरा, पण उरलेल्या दोघांत अंतर पडतं एकदा २४० आणि एकदा ४८० अंशांचं. ती विषमता चालकाला जाणवू नये म्हणून क्लच आणि फ्लायव्हीलवर वेगळी मेहनत घ्यावी लागली. एक सिलिंडरवाल्यांचा प्रश्न तर मिटलेलाच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे अनेक संघ शर्यतीच्या गाडीत चाकणला बनणारं केटीएम ३९०चं इंजिन वापरतात. तिथे ना क्रम, ना झोप.

डिझेलला थ्रॉटलचा त्रास मुळात नाही, मग तिथे सिलिंडर का बंद करावेत? उत्तर धुराच्या तापमानात आहे. नव्या ट्रकमध्ये धूर शुद्ध करणारी यंत्रणा युरियाच्या पाण्यावर चालते आणि ती गरम असेल तरच नीट काम करते. रिकामा ट्रक उभा राहून घरघरत असला की धूर थंड पडतो. निम्मे सिलिंडर बंद ठेवले की बाकीच्यांवर भार वाढतो, धूर तापतो. कमिन्सने टुला या कंपनीबरोबर आपल्या १५ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनावर हा प्रयोग केला. कोणता सिलिंडर पेटवायचा आणि कोणता गाळायचा, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. हलक्या भाराच्या चाचणीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं प्रमाण सरासरी ७४ टक्क्यांनी आणि कार्बन डायऑक्साइडचं ५ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी जाहीर केलं. पहिला आकडा बघितला की कळतं, ट्रकच्या बाबतीत डिझेल वाचवणं हा यातला दुय्यम लाभ आहे.

शर्यतीत तर कारण अगदी उलटं. तिथे पाय पॅडलवर दाबलेलाच असतो, हलकं काम नावालाच. फोक्सवॅगनने २०१२ पासून भारतात भरवलेल्या पोलो आर कपच्या गाड्यांत १.४ लिटरचं १८० अश्वशक्तीचं इंजिन होतं, टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही लावलेलं. अशा गाडीला सिलिंडर झोपवून पेट्रोल वाचवण्याचं आमिष नसतं. तरीही शर्यतीत सिलिंडर बंद होतात, सेकंदाला कित्येक वेळा: चाकं घसरू नयेत म्हणून, सुटताना फेऱ्या एका आकड्यावर रोखून धरायच्या म्हणून, आणि टर्बो झोपू नये म्हणून.

एकच सिलिंडर सतत बंद ठेवला तर तो थंड पडतो, प्लग ओला होतो. म्हणून पाळी फिरवावी लागते. त्याची युक्ती सुंदर आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर पाचवी ठिणगी गाळायची. पहिल्यांदा एक नंबरची गळाली, तर पुढच्या वेळी तीनची, मग चारची, मग दोनची. म्हणजे गाळण्याचा क्रमही आपोआप एक-तीन-चार-दोन असाच पडतो.

२०११ साली फॉर्म्युला वनमध्ये यावरून मोठं रणकंदन झालं. तेव्हाची व्ही-एट इंजिनं टर्बोविना होती, पण चालकाने पाय उचलल्यावरही काही सिलिंडरांत इंधन जाळत राहून गरम धुराचा झोत गाडीच्या मागच्या तळाखाली सोडला जाई. त्या झोताने गाडी वळणात रस्त्याला चिकटून राही. सगळे सिलिंडर पेटवले तर गाडी पुढे ढकलली जाणार, म्हणून मोजकेच. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला नियामकांनी याला लगाम घालायचा प्रयत्न केला आणि शर्यतीच्या त्याच तीन दिवसांत कोणत्या इंजिनाला किती सवलत यावर घोळ झाला. पुढच्या वर्षी धुराच्या नळीची जागाच नियमाने बदलली. मधल्या काळात, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत बुद्ध सर्किटवर झाली, ती याच मोसमातली.

टर्बो जागा ठेवण्यासाठी मात्र रॅलीवाल्यांचं तंत्र जुनं आहे. ठिणगी मुद्दाम उशिरा द्यायची किंवा गाळायची, हवा आणि इंधन मात्र चालू ठेवायचं. जळण्याचं काम मग एक्झॉस्टमध्ये, टर्बोच्या तोंडाशी होतं. चाक फिरत राहतं, वळण संपताच दाब तयार असतो. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून हे काम टर्बोच्या दांड्यावरच बसवलेली विजेची मोटर करत होती. २०२६ च्या नियमांतून ती मोटर काढून टाकली आहे, त्यामुळे टर्बो फिरता कसा ठेवायचा हा प्रश्न तिथल्या इंजिनिअरांपुढे नव्याने आला आहे.

रॅलीच्या गाडीच्या मागून निघणाऱ्या ज्वाळा आणि फटाक्यांसारखे आवाज यातूनच येतात, आणि तेच आता गल्लीत ऐकू येऊ लागले आहेत. टर्बो पेट्रोल गाडीच्या संगणकात 'पॉप्स अँड बँग्स' भरून देणारे ट्यूनर आज कुठल्याही शहरात सापडतात. शर्यतीच्या संघाला ते परवडतं, कारण त्यांचं इंजिन ठरावीक तासांनी उघडून नवं करतात आणि टर्बो हा त्यांच्या हिशेबात झिजणारा भाग असतो. घरच्या गाडीत त्याच स्फोटांनी आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, मग टर्बोचं चाक आणि धुराचे व्हॉल्व्ह. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगी नसलेले फेरफार करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी नको म्हणावं. ट्यूनरला द्यायच्या पैशांत एअर फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल वेळेवर बदलून घ्यावं. टर्बो गाडीला त्याची गरज जास्त आहे.